होकायंत्राची भाऊबीज

'कायमचा पत्ता' या रकान्यात ज्याला काही लिहिता येत नाही अशा माणसाशी नातं जोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लग्नाच्या वेळीही ते होतंच. पण तेव्हा माझ्या मेव्हण्याला, म्हणजे जयवंताला, पत्ता होता. दापोलीला कौलारू घर होतं, दारात आंब्याची चार झाडं होती आणि मालवाहू आगबोटीवर बरी नोकरी होती. पुढे सासूबाई गेल्या आणि या गृहस्थाने नोकरी सोडली, घर विकलं आणि एक शिडाची बोट घेतली. लोक बोट घेऊन मासे धरतात, निदान कौलं तरी वाहतात. हा बायकोला घेऊन बोटीत राहायला गेला! म्हणजे माझ्या अलकाचं माहेर विकून त्याने शीड विकत घेतलं, असं मी म्हणत असे. अलका भाजी निवडायला घेत असे. मी हे सहा वर्षं म्हणत होतो.

त्याची पत्रं येत. एक रत्नागिरीहून, एक कारवारहून, एक वेरावळहून. उत्तर कुठे पाठवायचं, याचा पत्रात उल्लेख नाही. पत्र लिहिताना माणसाने उजव्या कोपऱ्यात ठिकाण लिहावं इतकं तर शाळेत शिकवतात. हा तिथे वाऱ्याची दिशा लिहायचा.

आणि दर भाऊबीजेला अलका अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात ते ठीक आहे. पण भाऊ जिवंत असून, कुठल्या तरी खाडीत बांगडा तळत बसलेला असून चंद्राला ओवाळायचं? मी ते पडवीतून बघायचो आणि जयवंताबद्दल जे म्हणायचं ते म्हणून घ्यायचो.

चौसष्ट साली पत्र आलं : दिवाळीच्या सुमारास बोट दमणच्या खाडीत असेल, चार दिवस सिल्वासाला येतो. अलकाने ते पत्र देवामागे ठेवलं. मग तिने घर धुतलं, गाद्यांना ऊन दिलं, चकल्यांची भाजणी दोनदा केली, आणि एक दिवस सहज म्हणावं तसं म्हणाली, "भाऊबीजेपर्यंत राहील ना हो तो?"

"राहायला काय झालं? त्याला कुठे ऑफिस आहे?" मी म्हणालो.

मी इथे सिल्वासाला प्रशासनात हेडक्लार्क. नियमाबाहेर एक टाचणी उचलत नाही अशी माझी ख्याती आहे आणि ती मीच जपली आहे. मी पाहुण्यांना आणायला धनत्रयोदशीच्या सकाळी दमणला गेलो. जयवंत धक्क्यावर उभा होता. रंगाने कोळसा, दाढी वाढलेली, पायात काही नाही. शेजारी त्याची बायको शैलजा. एके काळी मुंबईत शाळामास्तरीण होती म्हणे. आता तिच्या हाताला दोरांचे घट्टे पडलेले.

"भावोजी, तुमची दिवाळी नेमकी अमावास्येला," जयवंत काळजीने म्हणाला. "उधाण असतं. पुढे दोन दिवस तर फारच. या खाडीत पाणी दोन-तीन पुरुष चढतं आणि उतरलं की नुसता चिखल. बोट सोडून येणं जिवावर आलंय बघा."

"दिवाळी अमावास्येला ठेवण्याचा निर्णय आमच्या खात्याचा नाही," मी म्हणालो.

शेवटी एका म्हाताऱ्या माछी कोळ्याला बोटीवर बसवून आम्ही निघालो. सामान म्हणजे एक कॅनव्हासची पिशवी आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक बोचकं. ते बोचकं शैलजाने तान्ह्या मुलासारखं मांडीवर घेतलं. मला क्षणभर वेगळीच आशा वाटली. निघालं होकायंत्र! बोटीवर ठेवलं तर चोरीला जातं म्हणून स्क्रू काढून बरोबर आणलेलं. पितळी भांडं, वर काच, आत तरंगणारी तबकडी.

"आत पाणी आहे का?" मी बसच्या थांब्याकडे जाताना टांग्यात उगाच विचारलं.

"पाणी कसं चालेल? स्पिरिट. मद्यार्क," जयवंत अभिमानाने म्हणाला.

आता आमचा भूगोल सांगायला हवा. दमणहून सिल्वासा म्हणजे वीस मैलांची गोष्ट. पण दमण मोडतं गोव्याच्या प्रशासनात, पुढे लागतो गुजरात, मग दादरा येतं ते आमचं, मग पुन्हा थोडा गुजरात, आणि मग पुन्हा आम्ही. इतक्या हद्दी ओलांडून माणूस पूर्वी काशीला पोहोचत असेल. त्यात दमणला दारूची दुकानं रांगेने उभी आणि गुजरातेत दारूबंदी. म्हणून वाटेत एक चौकी लागते. तिथे शिपाई बसमध्ये चढला, कंटाळलेल्या आवाजात "कोई पासे दारू छे?" असं विचारून उत्तर न ऐकताच उतरायला लागला.

इथे कुणीही गप्प बसलं असतं. पण मी सरकारी नोकर. माझ्या समोर प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर मला माहीत होतं.

"आहे," मी म्हणालो. "अंदाजे शेरभर. त्या बोचक्यात."

बस थांबली ती थांबलीच. शैलजाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिडकीतून बाहेर बघू लागलो. चौकीच्या इन्स्पेक्टरने होकायंत्र टेबलावर ठेवलं, हलवलं, वास घेतला आणि पंचनामा लिहायला घेतला : एक पितळी भांडे, आत दारू, दारूत तरंगती एक चकती. दारू घेऊन येणाऱ्या इसमांत माझंही नाव! मी निषेध नोंदवला. "खबर देणारा" असा उल्लेख हवा होता.

"मालिकनो कायमनो पत्तो?" इन्स्पेक्टरने विचारलं. "पत्तो आपो, जामीन लखी आपो, लई जाव. दिवाळी पछी जोईशूं."

जयवंताने माझ्याकडे पाहिलं. माझ्या क्वार्टरचा पत्ता दिला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण सरकारी क्वार्टरमध्ये परक्या इसमाचं कायम वास्तव्य म्हणजे पोटभाडेकरू ठेवल्याचा संशय, आणि हे परिपत्रक मीच सायक्लोस्टाइल करून वाटलं होतं. मी चष्मा पुसला. होकायंत्र चौकीत राहिलं आणि आम्ही पुढे निघालो.

घरी आल्यावर सगळं ऐकून अलकाने मला पाणी दिलं आणि आत गेली. आतून तिचा आवाज आला. ती गुणगुणत होती! माझ्या लक्षात यायला जेवणापर्यंत वेळ लागला : होकायंत्राशिवाय जयवंत बोट हलवणार नाही. म्हणजे भाऊबीजेपर्यंत त्याला कुठे जाता येणार नव्हतं. मी नकळत पुण्यकर्म केलं होतं, पण त्याचं श्रेय कुणी देईना.

ही जमिनीवर आलेली माणसं सांभाळणं हे माझ्या नोकरीतल्या कुठल्याही कामापेक्षा अवघड होतं. शैलजाने पहिल्याच दुपारी अलकाच्या फळीवरचे सगळे डबे सुतळीने आवळून टाकले, का, तर घर कलंडलं तर पडतील. घर कलंडलं तर! जयवंताला खुर्चीत बसवेना. जमीन हलत नाही म्हणून त्याच्या पोटात ढवळत होतं. अभ्यंगस्नानाला अलकाने दोन बंब पाणी तापवलं, तर दोघांनी मिळून चार तांबे वापरले आणि उरलेलं "जपून ठेव" म्हणाले. मी दहा मिनिटं अंगावर पाणी घेत होतो, तेव्हा जयवंत न्हाणीघराबाहेर उभा राहून सुस्कारे सोडत होता. आणि आकाशकंदील! त्याने दोन लावले. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. अंधारात आमची क्वार्टर कुठल्या दिशेला चालली आहे ते समोरून येणाऱ्याला कळावं म्हणून.

"काय भो केळुसकर, घर कुठं निघालं?" असं शेजारच्या नेहेत्यांनी विचारलंच. दत्तात्रय नेहेते बांधकाम खात्यात आहेत, जळगावकडचे. त्यांना सल्ला देताना जो आनंद होतो तो मी माणसाला जेवताना पाहिलेला नाही. "असं करा ना. डॉक्टरकडून सर्टिफिकेट घ्या, का ही दारू पिण्यास अयोग्य आहे. संपलं."

संपलं कसलं! मी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, नमुना तपासल्याशिवाय मी कसं लिहू? नमुना काढायचा तर भांडं फोडायला हवं. भांडं मुद्देमाल, त्याला हात लावायला कोर्टाची परवानगी हवी. कोर्ट दिवाळीचं बंद. डॉक्टरांचा मुद्दा बिनतोड होता. मी त्यांचं अभिनंदन करून परत आलो.

पाडव्याला मालतीबाई आल्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. जगातली कुठलीही अडचण पाचवीच्या शास्त्राच्या पुस्तकात सुटते अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी परातीत पाणी घेतलं, बुचावर सुई ठेवली, सुईला लोहचुंबक घासलं आणि सगळ्या कॉलनीला पडवीत बोलावलं. सुई वळली, थरथरली आणि ठामपणे आमच्या लोखंडी ट्रंकेकडे तोंड करून थांबली. ट्रंक हलवली, तर सुई नेहेत्यांच्या सायकलीकडे वळली.

"हे घ्या, नेहेते. समुद्रात तुमची सायकल सोबत न्यावी लागेल," जयवंत नेहेत्यांना म्हणाला. सगळे हसले. अलका तर डोळे पुसेपर्यंत हसली. इतकी हसताना मी तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि ती माझ्या कुठल्याही बोलण्याला हसत नव्हती हेही मी नोंदवून ठेवलं.

भाऊबीजेच्या सकाळी पहिल्या एस.टी.चा कंडक्टर निरोप घेऊन आला. दमणच्या म्हाताऱ्याचा निरोप : काल उधाणात नांगर सुटला, बोट किल्ल्याच्या बाजूला चिखलात जाऊन आडवी झाली आहे, आजच्या भरतीला सावरली नाही तर फुटेल.

जयवंताने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. अंगाला उटणं अर्धं लागलेलं. शैलजा तर पिशवी भरून उभीच होती. तिने बहुधा ती उघडलीच नव्हती.

"होकायंत्राचं काय?" मी विचारलं.

"बोट राहिली तर होकायंत्र, भावोजी. ताई, पुढच्या वर्षी नक्की. रागावू नकोस." आणि दोघं त्याच एस.टी.ने गेली.

आत पाट मांडला होता. भोवती रांगोळी, समोर समई, चांदीच्या ताटात कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, निरांजन. बासुंदी आटत होती. अलका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोललो.

"चंद्र आहेच की," मी म्हणालो.

नऊ वर्षांच्या संसारात मी पुष्कळ बोललो असेन, पण इतकं हलकट वाक्य माझ्या तोंडून गेलं नव्हतं. ते माझ्याच कानांवर पडल्यावर मला लाज वाटली. खरोखर लाज वाटली. अलका मात्र रडली नाही, चिडलीही नाही. तिने चूल विझवली, ताट फडक्यात बांधलं, बासुंदीच्या डब्याला वर दोन फडकी आवळली आणि म्हणाली, "चला."

"कुठे?"

"मी निघालेय. तुम्ही येणार असाल तर चला."

दुसरी बस दुपारची. नेहेत्यांनी सल्ल्याबरोबर या वेळी एक ट्रकही दिला, सामरवरणीहून खडी घेऊन वापीवरून दमणच्या बाजूला निघालेला. प्रशासनाचा हेडक्लार्क खडीच्या ट्रकमध्ये, ड्रायव्हर आणि बायको यांच्यामध्ये, मांडीवर बासुंदीचा डबा घेऊन बसला होता. वाटेत ओळखीचे तीन जण दिसले. मी तिघांनाही ओळख दिली नाही.

चौकी आली तशी अलका म्हणाली, "थांबवा." मी खिशातला अर्ज काढला. तीन प्रतींत, 'जप्त नौकानयन उपकरण परत मिळणेबाबत'. पण ती माझ्यापुढे आत गेली.

आत पाहतो तो चौकीचं सगळं फर्निचर फिरवलेलं. जप्त केलेल्या होकायंत्रावरून इन्स्पेक्टरसाहेबांना शोध लागला होता, की आपण तीन वर्षं दक्षिणेकडे तोंड करून बसत होतो. बढती का होत नाही याचं उत्तर त्यांना मिळालं होतं. होकायंत्र टेबलाच्या मधोमध होतं, पुढे एक फूल वाहिलेलं.

अलकाने ताट सोडलं, निरांजन लावलं. "साहेब, आज भाऊबीज. पूर्वेकडे तोंड करून बसा."

"बेठेलोज छूं, बेन. हवे पाकी खबर छे," साहेब होकायंत्राकडे बोट दाखवत गोंधळून म्हणाले. पण उठले नाहीत. तिने त्यांना कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, सुपारी ओवाळली, अंगठी ओवाळली आणि मग निरांजनाचं ताट तीनदा शांतपणे फिरवलं. शिपाई टोपी काढून उभे राहिले. साहेबांचे डोळे भरून आल्यासारखे वाटले, धूर असेल. त्यांनी खिशात हात घातला.

"पैसे नकोत, दादा," अलका म्हणाली. "ओवाळणी मी मागेन ती द्यायची."

साहेबांनी ताटाकडे पाहिलं. होकायंत्राकडे पाहिलं. शिपायांकडे पाहिलं. शिपाईही त्यांच्याकडेच पाहत होते.

"भाईबीजने दहाडे बेन मागे तो ना केम पडाय?" ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी होकायंत्र उचलून ताटात ठेवलं. ताट वाकलं.

"पण साहेब," मला राहवेना, "पंचनामा? मुद्देमाल ओवाळणीत देण्याची तरतूद कुठल्या कलमात..."

"तमे चूप बेसो ने," ते म्हणाले. "तमारे लीधे तो आ बधूं थयूं."

हे सगळं माझ्यामुळे झालं, असं मला परराज्यातल्या अधिकाऱ्याने बोलावं! मी अर्जाच्या तिन्ही प्रती तिथेच ठेवून आलो. निदान दप्तरात कागद असावा.

दमणला पोहोचलो तेव्हा ओहोटी संपत आली होती. खाडीच्या जागी चिखल आणि चिखलात ती बोट एका कुशीवर पडलेली. जयवंत आणि शैलजा गुडघ्यांपर्यंत रुतून नांगराचा दोर लांब ओढत होते. अलकाने पदर खोचला आणि ताट डोक्यावर घेऊन सरळ चिखलात शिरली. मी होकायंत्र आणि बासुंदीचा डबा घेऊन मागून. पंधराव्या पावलाला माझी एक चप्पल दमणच्या मालकीची झाली.

"ताई?" जयवंत एवढंच म्हणाला.

"बोलू नकोस. पाट कुठे मांडू?"

पाट मांडायला सपाट जागाच नव्हती. शेवटी जयवंत डोलकाठीला पाठ लावून, एक पाय कठड्याला देऊन कसाबसा टेकला. शैलजाने अलकाला मागून कमरेला धरलं. मी बासुंदी धरली. सगळी बोट तिरकी, माणसं तिरकी, त्यात अलकाने सहा वर्षांचं ओवाळणं एका दमात ओवाळून घेतलं. जयवंत लहान मुलासारखा रडत होता आणि चिखलाच्या हाताने डोळे पुसत होता, त्यामुळे त्याचं कुंकू, चिखल आणि उटणं एक झालं. मी बासुंदीच्या डब्याची गाठ तपासली.

"ताई, तुला द्यायला माझ्याकडे काहीच नाही गं," तो म्हणाला.

"आहे," अलका म्हणाली. "मला घेऊन चल. कुठवर जाणार आहात?"

"उंबरगावला. दोन-चार दिवस, वारा असेल तसा. पण..." जयवंताने माझ्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे कशाला बघतोस? ओवाळणी भावाने द्यायची असते."

यावर मला बोलायला भरपूर मुद्दे होते. साडी एकच आहे. पोहता येत नाही. हवामान. लोक काय म्हणतील. पण मला आठवेना की गेल्या सहा वर्षांत अलका माझ्याशिवाय कुठे राहिली होती. सासूबाई होत्या तेव्हा दरवर्षी माहेरी जायची, परत येताना आंबोशी आणायची. मग जायला जागाच उरली नाही, आणि मी त्यावर विनोद करत राहिलो.

"आणि मी?" मी विचारलं. आवाज मला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"तुमचं उद्या ऑफिस उघडतंय ना?" अलका म्हणाली. टोमणा नव्हता. ते खरंच होतं.

पाणी आलं ते बघता बघता आलं. मी धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. बोट आधी कण्हली, मग सरकली, मग म्हाताऱ्या माणसाने कंबर सरळ करावी तशी हळूहळू उभी राहिली. शैलजाने शीड वर ओढलं. अलका पुढच्या टोकाला दोर धरून बसली होती, पाय खाली सोडून. वळली आणि तिने हात केला. ती सुंदर दिसत होती. हे तिला सांगायला हवं होतं, पण तोवर अंतर फार झालं होतं आणि ओरडून सांगण्याची मला सवय नाही.

मी एका चपलेवर सिल्वासाला परत आलो. नेहेते पडवीतच होते.

"काय भो, एकटेच? वहिनी कुठं?"

"माहेरी गेलीय," मी म्हणालो.

नेहेत्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच काही सल्ला न देता आत गेले.

मी कुलूप काढलं. चहा करावा म्हटलं. आधण ठेवलं, चहाची पूड सापडली. मग साखरेचा डबा शोधायला लागलो. एकामागून एक डबे उघडले : पोहे, डाळ, मीठ, पुन्हा डाळ. नऊ वर्षं मी या घरात दिवसातून तीनदा चहा पितो, आणि साखर कुठे असते ते मला ठाऊक नव्हतं. पाणी उकळून अर्धं झालं. मी चहा तसाच, बिनसाखरेचा, उभ्याने प्यायलो.